संगणकाची स्मृती स्वस्तात बदलताना

शाळेतला जुना संगणक रडतखडत चालू लागला की तो मोडीत काढावा असे बहुतेकांना वाटते. पुष्कळदा मात्र त्याची स्मृती, म्हणजे 'रॅम', तेवढी अपुरी पडत असते. स्मृतीची पट्टी बदलली की तेच यंत्र आणखी काही वर्षे काम देते. ऑनलाइन बाजारात नव्या-जुन्या पट्ट्या मिळतात. पण २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्मृतीची मागणी वाढली आणि भाव कडाडले. अशा वेळी चुकीची पट्टी गळ्यात पडणे परवडणारे नाही.

या पट्टीत असते तरी काय? आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली एका साध्या कल्पनेचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलेसे धारित्र, एवढ्यावर एक बिट साठवायचा. धारित्रात विद्युतप्रभार असला तर १, नसला तर ०. अडचण एवढीच की हे धारित्र गळक्या रांजणासारखे असते! म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत ते वाचून पुन्हा भरावे लागते. ८ जीबीच्या पट्टीत २ चा ३६ वा घात, म्हणजे सुमारे ६,८७२ कोटी बिट मावतात. १९७० साली इंटेलने बाजारात आणलेल्या '११०३' या चिपमध्ये ते अवघे १,०२४ होते.

एवढी धारित्रे भरायची तर ऊर्जा लागणारच, आणि ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून पिढीगणिक विभवांतर उतरत गेले: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागी चालत नाही. ती चुकून बसू नये म्हणून खालच्या कडेची खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवू नका, बरे का!

आता लेबल वाचू या. समजा, लॅपटॉपच्या जुन्या पट्टीवर 'पीसी३एल-१२८००एस' असे आहे. '३' ही पिढी. 'एल' म्हणजे कमी विभवांतर, १.३५ व्होल्ट. १२८०० हा आकडा कोठून आला? स्मृती एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट देते आणि सेकंदाला १,६०० दशलक्ष वेळा देते. गुणाकार तुम्हीच करा. शेवटचा 'एस' लॅपटॉपच्या आखूड पट्टीचा. टेबलावरच्या संगणकाच्या लांब पट्टीवर तेथे बहुधा 'यू' असतो.

आणि 'आर' असेल तर? खरी फसगत येथेच होते. मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या या पट्ट्या खूप स्वस्त दिसतात, साध्या संगणकात बसतातही, पण तो सुरूच होत नाही. छायाचित्रात एका बाजूला आठऐवजी नऊ सारख्या काळ्या चिप दिसल्या तर सावध व्हा. नववी चिप चुका शोधण्यासाठी असते. 'सर्व संगणकांना चालेल' असे लिहिणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी काही घेणार नाही.

काही पातळ लॅपटॉपमध्ये स्मृती मुख्य पाटीवरच डाखलेली असते; तेथे बदल शक्य नाही. तेव्हा मागवण्याआधी जागा रिकामी आहे का, हे पाहून घ्या. विंडोजच्या 'टास्क मॅनेजर'मध्ये किती जागा वापरात आहेत ते दिसते.

संगणक नुसता 'बीप' करून थांबत असेल, तर पैसे खर्चण्याआधी एक बिनखर्ची उपाय करा. वीज तोडा, धातूच्या पेटीला हात लावून अंगावरचा स्थिर प्रभार जाऊ द्या, पट्टी काढा आणि तिचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा. मळ किंवा गंज असेल तर संपर्करोध वाढतो, आणि एवढ्यानेही काम भागते. नाहीच भागले आणि वापरलेली पट्टी मागवली, तर ती आल्या दिवशीच 'मेमटेस्ट८६' हा मोफत कार्यक्रम रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत करा, मुदत संपण्यापूर्वी.