एचडीएमआयचे सॉकेट आणि मालवणची खारी हवा

टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या मागचे एचडीएमआय सॉकेट सैल झाले आणि चित्र येईनासे झाले, की ‘बोर्ड गेला’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो आणि एरवी आणखी कित्येक वर्षे चालले असते असे उपकरण भंगारात जाते. वस्तुतः सॉकेट हा बोर्डावर डाख देऊन बसवलेला सुटा, बदलता येणारा भाग असतो. त्याच्या पत्र्याच्या कवचाचे पाय सहसा बोर्डाच्या भोकांतून आरपार जाऊन केबलचा ताण पेलतात, तर संकेत वाहणाऱ्या १९ पिना, एकमेकींपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर, बहुधा पृष्ठभागावरच डाखलेल्या असतात. या जोडणीला स्क्रू किंवा खटका नसल्यामुळे भिंतीलगत टांगलेल्या टीव्हीमागे मुडपलेली जाड केबल आधी कवच हलवते आणि मग पिनांच्या डाखाला तडे पाडते. अशा वेळी बिघाड असतो तो चिमूटभर कथलात, महागड्या चिपमध्ये नव्हे.

खाऱ्या वाऱ्याने लोखंडच गंजते, सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांना त्याची भीती नाही, हा समज किनारपट्टीवर विशेष महाग पडतो. हा मुलामा सहसा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि केबल घालता-काढता तो झिजतो, तेव्हा खालचे निकेल व तांब्याचा मिश्रधातू उघडा पडतो. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळते. मालवणच्या पावसाळ्यात ही पातळी नेहमीच ओलांडली जाते, त्यामुळे सॉकेटवर पाण्याचा थेंबही न पडता पिनांच्या मध्ये वीजवाहक खारट थर तयार होतो. १८व्या पिनेवर ५ व्होल्टचा दाब असल्याने त्या थरातून धातूचे आयन शेजारच्या पिनेकडे सरकू लागतात. भिंगाखाली तिथे दिसणारा हिरवट कळंक म्हणजे झिजत चाललेले तांबे होय.

तो कळंक पॉलिश पेपरने घासणे किंवा त्यावर रॉकेल, खोबरेल वा गंज सोडवणारा फवारा मारणे हा उपाय रोगाहून वाईट आहे, कारण घासण्याने उरलासुरला मुलामाही जातो आणि तेलकट थरावर धूळ व मीठ चिकटून बसते. उपकरणाचा प्लग काढून, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून सॉकेट साफ करणे आणि ते पूर्ण वाळू देणे एवढेच खरे तर सहसा पुरेसे असते.

‘डाख सुटत नसेल तर आयर्न आणखी तापवून दाबावे’ ही समजूतही चुकीची आहे. शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळतो, ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंशांना. शिवाय कवचाचे पाय अर्थिंगच्या रुंद तांब्याला जोडलेले असल्याने दिलेली उष्णता तिकडेच पसरते. म्हणून कुशल कारागीर आधी बोर्ड खालून कोमट करतो, जुन्या डाखात थोडा शिसेयुक्त डाख मिसळून त्याचा वितळणबिंदू उतरवतो आणि मगच सॉकेट उचलतो. जोर लावला की पिनेखालचा तांब्याचा पातळ ठिपका, ज्याला पॅड म्हणतात, बोर्डापासून सुटतो आणि साधे काम किचकट होऊन बसते. फ्लक्स, म्हणजे डाख नीट पसरावा म्हणून लावायचे द्रव्य, राळेचे असावे. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट मागे राहिली तर खाऱ्या हवेचे काम तीच पुढे नेते.

सॉकेट बदलले की चित्र येणारच, असेही नाही. वळवाच्या पावसातल्या विजांचा झटका डिशच्या केबलवाटे आत शिरून सॉकेटमागची चिप जाळू शकतो. केबल आणि पोर्ट बदलून पाहिल्यावरही शंका उरली, तर वीज बंद ठेवून मल्टिमीटरच्या डायोड चाचणीने चित्र वाहणाऱ्या आठ तारांचे आकडे ताडून पाहावेत. आठही जवळपास सारखे आले, तर दोष बहुधा सॉकेटात किंवा डाखात असतो. एखादाच आकडा वेगळा असेल, तर त्या पिनेचा डाख आधी भिंगाखाली तपासावा, आणि तो धड असल्यास दोष चिपमध्ये किंवा वाटेतल्या संरक्षक डायोडमध्ये शोधावा लागतो.