लहान फाइल जड का जाते?

बैठकीच्या खोलीतील टीव्हीला एखादा साधा संगणक जोडला, तर साठवलेले चित्रपट, सहलीचे फोटो, व्याख्यानांच्या चित्रफिती सारे मोठ्या पडद्यावर पाहता येते. २०१३ साली घेतलेला संगणक अडगळीतून काढून मी हाच उद्योग केला. पहिला चित्रपट सुरळीत दिसला. दुसरा मात्र अडखळू लागला. आवाज पुढे, चित्र मागे! दोन्हींची लांबी सारखीच, आणि दुसऱ्याची फाइल तर जवळजवळ निम्मी. नवा संगणक घ्यावा का, असा प्रश्न घरात निघाला. त्याआधी थोडे गणित करू.

फुल एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या तीन रंगांसाठी तीन बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १,१२० गिगाबाइट हवेत. ४.७ गिगाबाइटच्या जवळजवळ २४० डीव्हीडी! प्रत्यक्षात तो तीन-चार गिगाबाइटमध्ये मावतो. कसा?

क्रिकेटच्या दृश्यात गोलंदाज धावतो, पण मैदान तेच राहते. म्हणून दर वेळी पूर्ण चित्र न साठवता फक्त काय बदलले, काय सरकले एवढेच नोंदवतात. शिवाय चित्राचे छोटे चौकोन पाडून, डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळतात. त्यासाठीचे गणिती रूपांतर बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले.

संक्षेपाच्या अशा पद्धती सुधारत गेल्या. २००३ मध्ये एच.२६४ आली, २०१३ मध्ये एच.२६५. दुसरीला त्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा पुरते. पण चित्र पुन्हा उलगडताना आकडेमोड बरीच वाढते. जितक्या जास्त घड्या, तितके उलगडण्याचे कष्ट! हे काम झटपट व्हावे म्हणून प्रोसेसरमध्ये खास मंडल असते. इंटेलच्या प्रोसेसरांत एच.२६५ साठीचे असे पूर्ण मंडल २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आले. माझ्या संगणकात ते नव्हतेच. दोष वेगाचा नव्हता, मंडलाच्या अभावाचा होता.

म्हणून वापरलेला संगणक घेताना आधी त्याची पिढी विचारावी. चार गिगाबाइट स्मृती या कामाला पुरते. महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कोडी ही चित्रपट दाखवणारी प्रणाली मोफत मिळते. पंख्याचा आवाज मात्र दुकानातच ऐकून पाहावा. शांत खोलीत तो फार खुपतो.

आणि ४के हवेच का? ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे फुल एचडीचा एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे अंतर ओळखतो. त्यानुसार १.७ मीटरपलीकडे हे बिंदू वेगळे दिसत नाहीत. आमची खुर्ची तीन मीटरवर आहे!

आम्ही नवा संगणक घेतला नाही. ती फाइल रात्रभर चालवून एच.२६४ मध्ये बदलून घेतली. जागा वाढली, पैसे वाचले. आपल्या वर्गातील पडद्याची रुंदी आणि शेवटच्या बाकाचे अंतर विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या, आणि हेच गणित त्यांना करू द्या.