जपानमधील दुर्ग व दुर्गनगरे : अवलोकनाची एक दिशा

'किल्ला' हा शब्द उच्चारताच मराठी अभ्यासकाच्या मनासमोर सह्याद्रीचे चित्र उभे राहते : उंच कडा, त्यावरील तटबंदी आणि पायथ्याशी वसलेली लहानशी वाडी. गड दुर्गम स्थळी असावा, त्याची वाट बिकट असावी, यातच त्याचे बळ आहे असे आपल्याकडे मानले गेले. ही कल्पना मनात धरून जपानमधील दुर्ग पाहावयास गेल्यास प्रथम काहीसा गोंधळच उडतो. हिमेजी, मात्सुमोतो, मात्सुए, कुमामोतो यांसारखे विख्यात दुर्ग शहराच्या ऐन मध्यभागी उभे आहेत. त्यांच्याभोवती पेठा आहेत, कचेऱ्या आहेत, शाळा आहेत. शहराने दुर्गास वेढले आहे असे वाटते. वास्तविक दुर्गानेच शहरास जन्म दिलेला असतो.

जपानी भाषेत अशा शहरास 'जोकामाची' म्हणजे दुर्गाखालील नगर अशी संज्ञा आहे. सामान्य प्रवासी दुर्गाचा बहुमजली मनोरा पाहतो, वरच्या मजल्यावरून सभोवतालचे दृश्य न्याहाळतो आणि परततो. ज्या मनोऱ्यासाठी तो आला तो कित्येकदा गेल्या शतकात ओतलेल्या काँक्रीटचा असतो. आणि ज्या रस्त्यांवरून तो घाईने चालत आला त्यांची आखणी मात्र चारशे वर्षांपूर्वीची असते. अस्सल साधन कोणते आणि त्याची प्रतिकृती कोणती, हा प्रश्न जपानी दुर्गांच्या बाबतीत म्हणूनच मूलभूत ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने दुर्ग व दुर्गनगर यांचा एकत्र विचार केला आहे.

दुर्गांचा उदय

मध्ययुगीन जपानमध्येही डोंगरी किल्ले विपुल होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र दुर्गाचे स्वरूप पालटले. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात आली आणि थोड्याच काळात तिचा प्रसार झाला. त्याच सुमारास सत्ता लहान सरदारांच्या हातून मोठ्या सत्ताधीशांकडे एकवटू लागली. त्यांना केवळ आश्रयस्थान नको होते. भातशेतीचा महसूल, नदीवरील वाहतूक आणि व्यापार यांवर नियंत्रण ठेवता येईल असे राजधानीचे ठिकाण हवे होते. त्यामुळे दुर्ग डोंगरावरून सपाटीकडे, निदान सपाटीतील एखाद्या टेकडीकडे, सरकला.

ओदा नोबुनागाने बिवा सरोवराच्या काठी १५७६ मध्ये आरंभिलेला आणि १५७९ मध्ये सिद्ध झालेला आझुची दुर्ग हा या नव्या परंपरेचा आरंभबिंदू मानला जातो. १५८२ मध्ये नोबुनागाचा अंत झाला आणि पाठोपाठ तो मनोराही जळाला; परंतु उंच दगडी जोते, त्यावरील भव्य मनोरा आणि पायथ्याशी मुद्दाम वसविलेली पेठ ही त्रयी पुढे रूढ झाली. तोयोतोमी हिदेयोशीने १५८३ मध्ये ओसाका दुर्गाचे काम सुरू केले. १५८८ मध्ये त्याने शेतकऱ्यांकडील शस्त्रे काढून घेण्याची आज्ञा दिली. योद्धा आणि शेतकरी हे वर्ग असे विभक्त झाल्यावर गावोगावी राहणारे योद्धे आपल्या स्वामीच्या दुर्गापाशी येऊन राहिले. त्यांच्या गरजा पुरविण्यासाठी कारागीर व व्यापारी आले. दुर्गनगराचे मूळ या सामाजिक स्थलांतरात आहे.

१६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा घराण्याने जहागिरींची फेरवाटणी केली आणि नव्या प्रदेशात गेलेल्या 'दाइम्यो' म्हणजे सरंजामदारांनी नवे दुर्ग बांधले. १६१५ मध्ये एका जहागिरीत एकच दुर्ग असावा असा हुकूम निघाला आणि परवानगीवाचून दुर्गाची दुरुस्ती करण्यासही बंदी झाली. आझुचीपासून या हुकुमापर्यंतचा काळ जेमतेम चाळीस वर्षांचा. जपानी दुर्गांत जे विलक्षण साधर्म्य आढळते त्याचे कारण या अल्प कालखंडात सापडते.

दुर्गाची अंगे

दुर्गाच्या गाभ्याशी 'होनमारु' असतो. त्यास बालेकिल्ला म्हणणे वावगे ठरणार नाही. त्याभोवती 'निनोमारु' व 'सान्नोमारु' हे दुसरे व तिसरे कोट असतात. खंदक, दगडी जोती आणि त्यांवरील चुनेगच्ची भिंती यांनी ते एकमेकांपासून वेगळे केलेले असतात. दगडकामाच्या तीन पद्धती अभ्यासक मानतात : अनघड दगड रचणे, कडा ठोकून सांधे जुळविणे आणि दगड पूर्ण घडवून बसविणे. कोपऱ्यांवर लांबट दगड आळीपाळीने उलटसुलट ठेवून बळकटी आणलेली असते. जोत्याची बाहेरची बाजू पायथ्याशी पसरट व माथ्याकडे उभी होत जाते. या बाकामुळे भार विभागला जातो आणि चढून येणाऱ्यास अखेरचा टप्पा जवळजवळ अशक्य होतो.

प्रवेशद्वाराची रचना आपल्याकडील गोमुखी दरवाजाची आठवण करून देणारी आहे. बाहेरच्या दरवाजातून आत येणारा एका चौकोनी आवारात अडकतो. पुढचा दरवाजा समोर नसून काटकोनात असतो, आणि तिन्ही बाजूंनी वरून मारा करता येतो. या चौकास 'मासुगाता' म्हणतात. भिंतीत बाणांसाठी उभट आणि बंदुकांसाठी गोल, त्रिकोणी वा चौकोनी जंग्या ठेवलेल्या असतात. हिमेजी येथे इकेदा तेरुमासाने १६०९ मध्ये पूर्ण केलेल्या मनोऱ्याकडे जाताना वाट इतकी वळणे घेते की मनोरा जवळ दिसत असूनही कित्येकदा त्याच्याकडे पाठ करून चालावे लागते.

'तेन्शु' म्हणजे मुख्य मनोरा हे सरंजामदाराचे निवासस्थान असावे असा समज सार्वत्रिक आहे. तो बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे. सरंजामदार राहत असे, दरबार भरवीत असे आणि कारभार पाहत असे तो 'गोतेन' नामक एकमजली लाकडी वाड्यात. मनोरा हा टेहळणीचा, साठवणीचा आणि मुख्यत्वे सत्तेच्या प्रदर्शनाचा भाग होता. १६५७ च्या आगीत एदो येथील शोगुनाचा मनोरा जळाला, तो पुन्हा बांधला गेला नाही. तरीही राज्यकारभारात खंड पडला नाही. ज्यास दुर्गातील जीवन पाहावयाचे आहे त्याने क्योतो येथील निजो दुर्गातील निनोमारु वाडा किंवा कोची येथील मनोऱ्यालगतचा वाडा पाहणे अगत्याचे आहे.

नगर : जमिनीवर आखलेली समाजव्यवस्था

दुर्गनगराची आखणी ही तत्कालीन समाजव्यवस्थेची प्रतिमाच होय. दुर्गालगत, बहुधा खंदकाच्या आत, वरिष्ठ योद्ध्यांचे वाडे असत. जमिनीचा आकार योद्ध्याच्या दर्जाप्रमाणे ठरे, आणि दर्जाचे माप 'कोकू' हे तांदळाचे परिमाण असे. त्यापलीकडे व्यापारी व कारागीर यांच्या पेठा वसत. तेथील घरे रस्त्याच्या बाजूस अरुंद आणि मागे खोल असत. अगदी बाहेरच्या कडेस कनिष्ठ पायदळ सैनिकांची वस्ती आणि मंदिरांची रांग असे. मंदिरांची प्रशस्त आवारे व भक्कम भिंती युद्धप्रसंगी सैन्याच्या उपयोगी पडाव्यात हा त्यातील हेतू होता. रस्ते जागोजागी काटकोनात वळविलेले किंवा भिंतीपाशी संपविलेले असत, म्हणजे शत्रूस दुर्ग सरळ दिसू नये आणि घोडदळास वेग घेता येऊ नये.

या व्यवस्थेचे अवशेष नावांतून टिकून आहेत. काजिमाची म्हणजे लोहारआळी, कोन्यामाची म्हणजे रंगाऱ्यांची पेठ, दाइकुमाची म्हणजे सुतारआळी. आज तेथे एकही लोहार वा रंगारी नसला तरी नाव साक्ष देते. पुण्यासारख्या शहरातील आळ्यांची नावे परिचित असणाऱ्या वाचकास ही साधनपद्धती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कानाझावा हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. माएदा घराण्याच्या या राजधानीचे उत्पन्न दहा लाख कोकूंहून अधिक होते. दुर्गाचा मनोरा १६०२ मध्ये वीज पडून जळाला आणि पुन्हा उभारला गेला नाही. १९४९ नंतर सुमारे साडेचार दशके दुर्गाच्या आवारात विद्यापीठ होते. असे असूनही दुर्गनगर म्हणून कानाझावा उणे ठरत नाही. नागामाची भागातील योद्ध्यांच्या वाड्यांच्या मातीच्या भिंती, शहराच्या कडेस असलेले मंदिरांचे तीन समूह आणि १६३२ मध्ये खोदलेला तात्सुमी कालवा यांवरून जुने नगर आजही वाचता येते.

हागी येथील परिस्थिती याहून बोलकी आहे. सेकिगाहाराच्या पराभवानंतर मोरी घराण्याने १६०४ मध्ये तेथे दुर्ग बांधावयास घेतला. १८६३ मध्ये राजधानी यामागुची येथे हलविण्यात आली, आणि १८७४ मध्ये मनोरा पाडला गेला. ज्यांची वेतने बुडाली त्या योद्धा कुटुंबांना उपजीविका म्हणून वाड्यांच्या आवारात संत्र्याच्या जातीची फळझाडे लावण्याचा मार्ग सुचविण्यात आला. या झाडांना वाऱ्यापासून आडोसा हवा होता, म्हणून भिंती राखल्या गेल्या. वैभव गेले तरी दारिद्र्याने आखणी जपली, असे हागीविषयी म्हणावे लागते.

नाश, जतन आणि पुनर्बांधणी

१८७१ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १८७३ च्या आदेशाने बहुसंख्य दुर्ग निरुपयोगी ठरविण्यात आले. लाकूड, कौले व लोखंड लिलावात विकले गेले. खंदक बुजवून रस्ते झाले. मोकळ्या आवारात लष्करी छावण्या, शाळा व सरकारी कचेऱ्या आल्या. फुकुई येथे तर प्रांताची मुख्य कचेरी दुर्गाच्या बालेकिल्ल्यातच आहे.

या काळात जे वाचले ते पुष्कळदा स्थानिकांच्या चिकाटीने वाचले. मात्सुमोतोचा मनोरा १८७२ मध्ये लिलावात गेला असता इचिकावा र्‍योझो या नागरिकाने मनोऱ्यातच प्रदर्शने भरवून पैसा उभा केला आणि तो परत मिळविला. पुढे कोबायाशी उनारी या मुख्याध्यापकाच्या पुढाकाराने १९०३ ते १९१३ या काळात त्याची दुरुस्ती झाली. मात्सुएचा मनोराही स्थानिकांनी पैसे भरून सोडविला.

१९४५ च्या बाँबवर्षावात नागोया, ओकायामा, वाकायामा, हिरोशिमा आदी सात मनोरे नष्ट झाले. हिमेजी शहर जळाले, मनोरा उभा राहिला. १९४९ मध्ये होक्काइदोतील मात्सुमाए येथील मनोरा आगीत गेला. आज एदो काळातून आलेले केवळ बारा मनोरे शिल्लक असून त्यांपैकी हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुमोतो व मात्सुए हे पाच 'राष्ट्रीय संपदा' म्हणून घोषित आहेत.

युद्धोत्तर काळात अनेक शहरांनी आपला मनोरा काँक्रीटमध्ये पुन्हा उभारला : हिरोशिमा व वाकायामा १९५८ मध्ये, नागोया १९५९ मध्ये, कुमामोतो १९६० मध्ये, ओकायामा १९६६ मध्ये. या इमारतींना केवळ नक्कल म्हणून हिणवणे योग्य नव्हे. बेचिराख शहरांनी आपली ओळख परत मिळविण्याचा तो प्रयत्न होता. परंतु अभ्यासकाने त्यांचा काळ ओळखला पाहिजे. ओसाका येथे तर तीन काळ एकावर एक रचलेले आहेत : हिदेयोशीच्या दुर्गाचे दगडकाम जमिनीखाली गाडलेले, त्यावर १६२० नंतर तोकुगावांनी रचलेली प्रचंड जोती, आणि त्यांवर नागरिकांच्या देणग्यांतून १९३१ मध्ये उभारलेला काँक्रीटचा मनोरा. या मनोऱ्यास १९९७ मध्ये स्वतंत्र वारसावास्तू म्हणून नोंदणी लाभली. प्रतिकृतीही कालांतराने इतिहासाचे साधन होते.

अस्सलपणाची कसोटी

अस्सल मानलेल्या मनोऱ्यांचा काळही निर्विवाद नाही. इनुयामाचा मनोरा १५३७ चा, तर मारुओकाचा १५७६ चा असे दीर्घकाळ सांगितले जाई, आणि सर्वांत प्राचीन कोण याविषयी स्पर्धा होती. लाकडातील वार्षिक वलयांच्या परीक्षणातून मारुओकाचा मनोरा १६२० नंतरच्या दशकांतील असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इनुयामाचा मनोरा १५८५ ते १५९० च्या सुमाराचा असल्याचे २०२१ मध्ये निष्पन्न झाले. परंपरागत तारखा दोन्हीकडे टिकल्या नाहीत. मारुओकाचा मनोरा १९४८ च्या भूकंपात कोसळला होता आणि १९५५ मध्ये जुनेच लाकूड वापरून पुन्हा उभारला गेला, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी लागते.

मात्सुएची हकिकत याउलट आहे. १९५० च्या कायद्याने या मनोऱ्याचा 'राष्ट्रीय संपदा' हा दर्जा गेला होता. बांधकामाच्या काळाचा लेखी पुरावा हवा होता. २०१२ मध्ये एका स्थानिक देवस्थानात १६११ हे वर्ष दर्शविणाऱ्या प्रार्थनेच्या लाकडी पाट्या सापडल्या. त्यांवरील खिळ्यांची भोके मनोऱ्याच्या तळघरातील खांबांवरील भोकांशी जुळली, आणि २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला. एका लहानशा भोकाने संपूर्ण वास्तूचा काळ निश्चित केला.

पुनर्बांधणीचा वाद अद्याप मिटलेला नाही. ओझु येथे जुना नमुना व छायाचित्रे यांच्या आधारे २००४ मध्ये लाकडी मनोरा उभारण्यात आला. नागोया येथील काँक्रीटचा मनोरा भूकंपाच्या धोक्यास्तव मे २०१८ पासून बंद ठेवण्यात आला. त्याजागी लाकडी मनोरा बांधण्याच्या योजनेत उद्वाहक असावा की नसावा यावर तीव्र मतभेद झाले. इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर उद्वाहक नको. अपंग व वृद्ध नागरिकांचा हक्क मानावयाचा तर तो हवा. कुमामोतोचा मनोरा २०१६ च्या भूकंपानंतर दुरुस्त होऊन २०२१ मध्ये खुला झाला. परंतु ढासळलेल्या जोत्यांचा प्रत्येक दगड मूळ जागी बसविण्याचे काम २०५२ पर्यंत चालेल असा अंदाज आहे. मनोरा पाच वर्षांत उभा राहतो, जोत्यास पस्तीसहून अधिक वर्षे लागतात. अस्सल भाग कोणता याचे उत्तर या कालमानातच आहे.

अवलोकनाचा क्रम

या विवेचनावरून अभ्यासकासाठी एक क्रम सुचतो. दुर्गनगर पाहताना आरंभ मनोऱ्यापासून करू नये. प्रथम जुना नकाशा हाती घेऊन शहराच्या कडेची मंदिरे गाठावीत. तेथून पेठांतून, वळणाच्या रस्त्यांनी, आळ्यांची नावे वाचीत आत यावे. बुजविलेल्या खंदकाची जागा रुंद रस्त्यावरून ओळखावी. मग जोत्यांचे कोपरे निरखावेत, मासुगातात उभे राहून दोन्ही दरवाजांची दिशा पाहावी. आणि सर्वांत शेवटी मनोरा चढावा. तो कोणत्या वर्षीचा, कशाचा बांधलेला आणि कोणाच्या पैशाने उभा राहिला, हे तीन प्रश्न त्यास विचारावेत. या क्रमाने गेलेल्यास, वरच्या मजल्यावरून दिसणारे शहर हे केवळ रम्य दृश्य न राहता, नुकताच वाचून संपविलेल्या दस्तऐवजासारखे स्पष्ट दिसू लागते.