योहान योर्ट : माशांच्या पिढ्या मोजणारा शास्त्रज्ञ

योहान योर्ट (1869–1948) या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाचे नाव सागरी मत्स्यविज्ञानात मुख्यतः एका प्रश्नाच्या उत्तराशी जोडलेले आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हेरिंग काही वर्षे अमाप लागे, मग वर्षानुवर्षे जाळी रिकामी येत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तारलीची आवकही अशीच वरखाली होत आली आहे. मासा दुसरीकडे गेला, असे या चढउताराचे कारण एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत सहसा मानले जाई. योर्ट यांनी माशांच्या वाटा सोडून त्यांच्या जन्ममृत्यूचा हिशेब मांडला.

त्यांचे वडील नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक होते. योर्ट यांनीही सुरुवात वैद्यकानेच केली, पण लवकरच ते प्राणिशास्त्राकडे वळले आणि 1892 मध्ये म्युनिकला डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांच्याकडे मासेमारीविषयक संशोधन आले. हे काम पूर्वी गेओर्ग ओसियान सार्स करीत; कॉडची अंडी पाण्यावर तरंगतात, हा शोध त्यांचाच. योर्ट यांच्या सुरुवातीच्या कामाला व्यवहारातही फळ आले. फिओर्ड या अरुंद खाड्यांच्या खोल पाण्यात त्यांना कोळंबी मोठ्या प्रमाणात आढळली आणि तिथे एक नवी मासेमारी उभी राहिली. 1900 मध्ये ‘मिखाएल सार्स’ ही वाफेवर चालणारी संशोधन नौका त्यांच्या हाती आली. 1902 मध्ये कोपनहेगनला आंतरराष्ट्रीय समुद्र-संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा नॉर्वेच्या बाजूने फ्रित्योफ नान्सेन यांच्याबरोबर योर्टही पुढे होते. 1906 पासून बर्गेनमध्ये त्यांनी मत्स्यव्यवसाय संचालकपद सांभाळले.

त्यांच्या संशोधनाचा गाभा खवल्यात आहे. हेरिंगचा खवला भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. उन्हाळ्यात खाणे भरपूर, म्हणून वाढीचा पट्टा रुंद. हिवाळ्यात वाढ थांबते आणि तिथे एक बारीक रेषा उमटते. हिवाळ्याच्या रेषा मोजल्या की वय कळते, आणि वयावरून जन्मसाल. योर्ट आणि त्यांचे सहकारी, विशेषतः एनार लेआ, यांनी दरवर्षीच्या मासळीतून खवले घेऊन ते वाचायला सुरुवात केली. माणसांच्या लोकसंख्याशास्त्रात जन्मदर, वयोरचना आणि स्थलांतर जसे पाहतात, तसेच माशांचे पाहायचे, ही यामागची कल्पना. ब्रिटनचे डार्सी थॉम्प्सन यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने या वयगणनेवर जाहीर शंका घेतली, पण योर्ट यांनी काम थांबवले नाही.

खवल्यांनी जे दाखवले ते अनपेक्षित होते. 1908 नंतरच्या हंगामांत विणीसाठी किनाऱ्याला येणाऱ्या हेरिंगमध्ये 1904 साली जन्मलेल्या माशांचा भरणा वाढत गेला. 1910 च्या नमुन्यांत ते तीन चतुर्थांशाहून अधिक होते. पुढच्या वर्षीही तेच मासे, फक्त एका वर्षाने मोठे. आधीच्या आणि नंतरच्या पिढ्या त्यांच्यापुढे नगण्य. म्हणजे कित्येक हंगामांची सुबत्ता एका भाग्यवान वर्षावर उभी होती. ‘उत्तर युरोपातील मोठ्या मासेमारीतील चढउतार’ या विषयावरच्या 1914 च्या प्रबंधात त्यांनी हे सगळे मांडले. पिढी मोठी की लहान हे कशावर ठरते, याची दोन संभाव्य कारणेही त्यात दिली. अंड्यातून निघालेले पिल्लू काही दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगते. बलक संपताच पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्लवक हाताशी नसेल तर ते उपाशी मरते. दुसरे, प्रवाह पिल्लांना किनाऱ्यापासून इतके दूर नेऊ शकतात की ती परतत नाहीत. अंडी किती घातली गेली, यापेक्षा या पहिल्या दिवसांत काय घडते ते निर्णायक, हा त्यांचा निष्कर्ष.

याच काळात त्यांनी खोल समुद्रही अभ्यासला. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मरे यांनी खर्च उचलला, नॉर्वेने नौका दिली आणि 1910 मध्ये ‘मिखाएल सार्स’ने उत्तर अटलांटिकची मोहीम केली, तिच्यातून 1912 मध्ये ‘द डेप्थ्स ऑफ द ओशन’ हा ग्रंथ झाला. 1914–15 मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्वेक्षण त्यांनी चालवले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनबरोबरच्या गुप्त मासळी-कराराच्या वादातून त्यांनी संचालकपद सोडले. 1921 मध्ये ते ओस्लोला प्राध्यापक झाले आणि पुढे देवमाशांकडे वळले. किती मारले तर साठा टिकेल, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी 1933 च्या ‘इष्टतम उत्पन्ना’वरील लेखनात गणिताने मांडले. 1938 पासून मृत्यूपर्यंत ते आंतरराष्ट्रीय समुद्र-संशोधन परिषदेचे अध्यक्ष होते.

उपासमारीचे गृहीतक मात्र जसेच्या तसे सिद्ध झालेले नाही. भक्षक, तापमान, प्लवकाच्या बहराची वेळ अशी इतर कारणे नंतर पुढे आली. बहर आणि पिल्लांचा जन्म यांची वेळ जुळणे महत्त्वाचे, हा मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांचा विचार योर्ट यांच्याच मांडणीवर उभा आहे. पिढ्यांचा सिद्धांत मात्र पक्का ठरला. 1960 च्या दशकाअखेर बेसुमार मासेमारीने नॉर्वेची हेरिंग जवळजवळ संपली, आणि साठा सावरू लागला तो 1983 साली जन्मलेल्या एका मोठ्या पिढीच्या बळावर. या हेरिंगची पकड किती असावी याचा सल्ला आंतरराष्ट्रीय परिषद आजही देते, आणि तो देताना माशांची मोजदाद जन्मसालानुसारच होते.