हलव्याला काटा थंडीचाच

संक्रांत तोंडावर आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारात काटेरी हलवा दिसू लागतो. नव्या सुनेला नि बोरन्हाणाच्या बाळाला त्याचेच दागिने. मुरबाड-शहापूरच्या बचत गटांनी हे काम का धरू नये? भांडवल काय, तर तीळ, साखर, परात नि शेगडी. साखरेच्या पाकात चमचाभर दूध टाकून मळी काढावी. मंद आचेवर परातीत तीळ, वर थेंबथेंब पाक, आणि बोटे सतत फिरती. चटके बसतात, तीन-चार दिवस मोडतात. घाई केली की गोळे झालेच म्हणून समजा! काटा फुलतो पहाटेच्या कोरड्या थंडीत. खाडीकाठच्या दमट हवेत तो रुसतो. मुरबाडकडे गारठा जास्त, तेवढा फायदा. दागिने मात्र सणाआधी हवे असतात, तेव्हा परात डिसेंबरातच चढवावी. उरलेला माल रथसप्तमीपर्यंत खपतो.