सिमेंटमधील राख : भेसळ नव्हे, पण हिशेब वेगळा

भोकरदन आणि आसपासच्या खेड्यांत सिमेंटच्या दुकानावर एक प्रश्न हमखास निघतो : ‘या गोणीत राख घातलेली असते म्हणे, मग ही भेसळच नाही का?’ दुकानदार गडबडतो. स्लॅब गळला की मिस्त्रीही राखेवर खापर फोडून मोकळा होतो. आपले अनेक बांधव सिमेंट-सळईच्या व्यापारात, गवंडीकामात आणि सेंट्रिंगमध्ये आहेत. त्यांच्या रोजीचा आणि नावलौकिकाचा हा प्रश्न असल्याने त्याचा उलगडा करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

परळी वैजनाथ किंवा भुसावळजवळच्या दीपनगर येथील औष्णिक वीज केंद्रांत दळलेला कोळसा जळतो. त्याची अगदी बारीक राख धुरासोबत वर जाते आणि धुराड्याआधीच यंत्राने पकडली जाते. हीच फ्लाय अॅश. सिमेंटमध्ये पाणी पडले की चिकट पदार्थाबरोबर थोडा चुनाही सुटतो. एरवी तो चुना फारसा कामाला येत नाही. राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावते आणि आणखी चिकट पदार्थ तयार होतो. आपल्या जुन्या कारागिरांना हे नवे नव्हते. विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून ते घाणीत मळत असत, त्यामागचे तत्त्व हेच होते.

भारतीय मानकानुसार (आयएस १४८९, भाग १) अशा पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये, म्हणजे पीपीसीमध्ये, १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते. म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात ते साडेसतरा किलो. कारखान्यात ती प्रमाणात मिसळून तपासलेली असते. त्यामुळे तिला भेसळ म्हणता येत नाही. उलट काँक्रीट घट्ट बसते, उष्णता कमी सुटते आणि पाणी झिरपण्याचे प्रमाण घटते. राखेचे कण गोल असल्याने माल सहज पसरतो, म्हणून त्यात जादा पाणी ओतू नये.

मात्र राखेचे काम सावकाश चालते. मानकाप्रमाणे ४३ ग्रेडच्या साध्या सिमेंटने तिसऱ्या दिवशी चौरस मिलिमीटरला किमान २३ न्यूटन ताकद द्यायची असते, तर पीपीसीने १६. पुढे पाणी मिळत राहिले तरच ही ताकद भरून निघते. आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. उन्हाळ्यात पाणी विकत घ्यावे लागते, म्हणून घरमालक चार-पाच दिवसांत पाणी मारणे थांबवतो. सन २००० च्या आयएस ४५६ संहितेत साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस पाणी सांगितले आहे, मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस, आणि ते १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढण्याचा आडाखा साध्या सिमेंटचा आहे. पीपीसीला त्याहून अधिक दिवस द्यावेत व अभियंत्याला विचारूनच टेकू काढावेत. सेंट्रिंगवाल्याला सामान दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते, पण ती घाई महागात पडते. पाणी कमी असेल तर स्लॅबवर वाफे करावेत, कॉलमला ओली पोती गुंडाळून वरून प्लास्टिक लावावे.

दुसरी चूक म्हणजे गोणीत आधीच राख असताना साइटवर आणखी राख मिसळणे. संहितेने फ्लाय अॅश वापरायला परवानगी दिली आहे, पण ती प्रमाणित हवी आणि साध्या सिमेंटशी एकजीव मिसळली गेली पाहिजे, अशी अट आहे. फावड्याने ते साधत नाही. वीटभट्टीची, बॉयलरची किंवा साखर कारखान्याची राख न तपासता काँक्रीटमध्ये घालणे तर घातकच.

जालन्याच्या सळई कारखान्यांतील भट्टीच्या मळीबाबतही गैरसमज आढळतो. स्लॅग सिमेंटमध्ये (आयएस ४५५) २५ ते ७० टक्के स्लॅग असतो हे खरे. पण तो लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतून निघालेला, पाण्याने झटकन थंड करून काचेसारखा दाणेदार केलेला आणि बारीक दळलेला असतो. भंगार वितळवणाऱ्या भट्टीची मळी ही वेगळी वस्तू आहे. नाव एक म्हणून गुण एक होत नाहीत. कोणी ती सिमेंटच्या जागी स्वस्तात देऊ केली, तर घेऊ नये.

दुकानदार बांधवांना आमची विनंती एवढीच : गोणीवरील आयएस क्रमांक व ‘फ्लाय अॅश’ हे शब्द गिऱ्हाइकाला वाचून दाखवा आणि बिलावर सिमेंटचा प्रकार लिहा. मिस्त्री बांधवांनी काम ठरवतानाच पाण्याचे आणि टेकूंचे दिवस मालकाला सांगावेत, जमल्यास लिहून द्यावेत. राखेचे सिमेंट वाईट नाही, त्याला सबुरी लागते. ही गोष्ट आधी सांगितली तर पुढे तंटा होत नाही, आणि गरिबाने आयुष्याची पुंजी घालून बांधलेले छपरही टिकते.