तिसऱ्या हाकेचं कोडं

"कानात बोळे घातलेत का रे?" स्वयंपाकघरातून तिसरी हाक जाते. ताटं वाढलेली, वरण निवत चाललेलं, आणि नववीतले चिरंजीव खोलीत ढिम्म. तेवढ्यात खालून मित्राची एकच शीळ येते आणि स्वारी गॅलरीत हजर!

घरोघरच्या या नाटकाच्या पडद्यामागे काय चालतं, ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल अब्रम्स, विनोद मेनन आणि सहकाऱ्यांनी चक्क मेंदूत डोकावून पाहिलं. मुलांच्या आयांकडून आणि मुलांना अनोळखी असलेल्या बायकांकडून त्यांनी निरर्थक शब्द म्हणवून घेतले. निरर्थक अशासाठी, की मन अर्थाच्या मागे धावू नये, कानी पडावा तो नुसता आवाज. एकेक शब्द सेकंदाहूनही छोटा. मुलं एमआरआयच्या यंत्रात पडून ते ऐकत होती.

7 ते 12 वर्षांच्या मुलांचे निष्कर्ष 2016 साली आले. आईचा आवाज आला, की खाऊ मिळाल्यासारखा आनंद टिपणारे मेंदूतले भाग जागे होत. परक्या बाईच्या आवाजाला तेवढी दाद नाही. मग तेराच्या पुढची मुलं तपासली. 2022 मध्ये जे छापून आलं, त्यात पारडं फिरलेलं होतं. त्याच जागा आता अनोळखी आवाजावर अधिक खूश!

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. वय वाढेल तसा एकूणच माणसांच्या आवाजांना मेंदूचा प्रतिसाद वाढत जातो, आणि तोही इतक्या नेमाने, की नुसत्या प्रतिसादावरून मुलाचं वय ताडता येत होतं. भिंतींना नव्या खिडक्या फुटाव्यात तसं हे. बाहेरचं जग आत शिरतं, आणि आईची हाक त्या गलक्यातली एक होऊन जाते. उद्या घराबाहेर पडायचं, परक्यांत वावरायचं, तर त्यांचे सूर आजच ओळखीचे व्हायला नकोत का?

मग शेजारच्या घरात हेच वय बिनबोभाट कसं सरतं? अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये 133 मुलांना तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत न्याहाळलं. कुणी हसरं, कुणी किरकिरं, कुणी नव्या माणसाला बुजणारं. त्यांनी बोट ठेवलं ते मेळावर: मुलाचा स्वभाव आणि आईबापांची रीत एकमेकांना मानवते का? मनस्वी मुलगी मोकळ्याढाकळ्या घरात 'कलावंत' ठरते, घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या घरात 'वाया गेलेली'. लग्नाआधी आपण छत्तीस गुण तपासतो. मूल मात्र पत्रिका न जुळवताच घरात येतं.

हो, त्या हाकेचं राहिलंच. सेकंदभरही न टिकणाऱ्या त्या निरर्थक शब्दावरून आईचा आवाज या मोठ्या मुलांनी शंभरात सत्त्याण्णवहून अधिक वेळा अचूक ओळखला. तेव्हा "ऐकूच आलं नाही गं" ही सबब बिलकूल ग्राह्य धरू नका.